विजेच्या सायकलीचा कारभार

सायकल चालविणाऱ्या माणसाच्या अंगी बळ किती, असा प्रश्न केला तर उत्तर बहुतेकांच्या अंदाजापेक्षा पुष्कळ लहान येते. धडधाकट, परंतु व्यायामपटू नसलेला गृहस्थ तासभर न थकता पायडल मारतो तो सुमारे ७५ ते १०० वॉट शक्तीने; म्हणजे पूर्वी दिवाणखान्यात जो एखादा मोठा विजेचा दिवा जळत असे, तेवढ्याच शक्तीने. सपाट डांबरी रस्त्यावर एवढे बळ विपुल होय. सायकल आणि स्वार मिळून १०० किलोग्रॅम वजन धरले, तर ताशी १५ किलोमीटर वेगाने जाण्यास ५५ वॉटांच्या आसपास शक्ती पुरते. परंतु शंभर मीटर अंतरात पाच मीटर उंची गाठणारा चढ पुढे आला, की त्याच वेगासाठी सुमारे २६० वॉट लागू लागतात. पुणे हे सायकलींचे शहर म्हणून गाजत होते त्या काळातही चढ लागला की कित्येक स्वार खाली उतरत आणि सायकल हातात धरून चालू लागत. त्यांच्या उत्साहात काही उणे नव्हते. उणे होते ते दीडशे-पावणेदोनशे वॉट.

ही तूट भरून काढणे एवढेच विजेच्या सायकलीचे मूळ काम आहे. ती लहान आकाराची मोटारसायकल नव्हे, आणि तिला तशी समजणाऱ्या माणसाच्या हाती ती लवकर बिघडते. तिच्या अंगी तीन मुख्य अवयव असतात : चाक फिरविणारी मोटर, वीज साठविणारी घटमाला, आणि या दोहोंच्या मध्ये बसलेला नियंत्रक. दुकानात गिऱ्हाईक पहिल्या दोहोंची चौकशी करते. तिसरा एका लहानशा पत्र्याच्या डबीत दडलेला असल्यामुळे त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. वस्तुतः सगळा कारभार त्याच्याच हाती असतो, आणि त्याचे बहुतेक काम मागितलेली वीज न देण्याचे असते.

विजेवर सायकल चालविण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेतील ऑग्डेन बोल्टन या संशोधकाला ३१ डिसेंबर १८९५ रोजी अशा सायकलीचे पेटंट मिळाले. त्याने मोटर मागील चाकाच्या तुंब्यातच बसविली होती आणि घटमाला सायकलीच्या सांगाड्यात टांगली होती. आजच्या कित्येक सायकलींची मांडणी याहून फारशी निराळी नाही. मात्र त्याची मोटर केवळ १० व्होल्ट दाबावर चालावयाची आणि त्यासाठी १०० अँपिअरपर्यंत प्रवाह घ्यावयाची. एवढा प्रवाह कार्बनच्या ब्रशांमधून फिरत्या दिक्परिवर्तकावर न्यावयाचा, म्हणजे ठिणग्या, उष्णता आणि झीज ही ठरलेलीच. शिवाय त्या काळच्या घटमाला अवजड होत्या. कल्पना योग्य होती. तिला पेलणारे साहित्य उपलब्ध नव्हते. ते मिळावयास जवळजवळ शंभर वर्षे लागली.

आजच्या मोटरीत ब्रश नसतात. तिची रचना समजण्यासाठी चाकाचा तुंबा उघडला आहे अशी कल्पना करावी. आतील आस सायकलीच्या चिमट्यात घट्ट आवळलेला असतो, तो फिरत नाही. आणि त्याच्याभोवती लोखंडाच्या पातळ पत्र्यांचे दात असून त्यांवर तांब्याच्या तारेची वेटोळी गुंडाळलेली असतात. बाहेरचे कवच मात्र फिरते. त्या कवचाच्या आतल्या अंगाला चपटे लोहचुंबक ओळीने चिकटविलेले असतात, एकाचे उत्तर टोक आत तर शेजारच्याचे दक्षिण. हे चुंबक साध्या पोलादाचे नसून निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांच्या संयुगाचे असतात. हे संयुग १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जपानमध्ये व अमेरिकेत स्वतंत्रपणे सिद्ध झाले. त्याच्यामुळे एवढ्याशा तुंब्यात एवढे बळ मावू लागले.

वेटोळ्यांचे तीन गट असतात. त्यांपैकी दोहोंतून प्रवाह सोडला की दातांना चुंबकत्व येते आणि समोरचे चुंबक त्यांकडे ओढले जातात. कवच थोडे फिरते. आता तोच प्रवाह तसाच चालू ठेवला, तर चाक त्या जागी येऊन अडकून बसेल. म्हणून चुंबक दाताशी पोहोचण्याच्या बेतात असतानाच प्रवाह पुढच्या गटाकडे वळवावा लागतो. घोड्यापुढे गवताची पेंढी धरून ती सतत पुढे सरकवीत राहावे, तसाच हा प्रकार. घोडा पेंढीपर्यंत कधी पोहोचत नाही, आणि गाडी चालत राहते.

पेंढी केव्हा सरकवावी हे कळण्यासाठी चुंबक या क्षणी कोठे आहेत याची वर्दी हवी. ती वर्दी देणारे तीन लहान जासूद दातांच्या मधोमध रोवलेले असतात. एडविन हॉल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८७९ साली असे दाखवून दिले, की प्रवाह वाहत असलेल्या पातळ पट्टीजवळ लोहचुंबक आणला असता पट्टीच्या दोन कडांमध्ये किंचित विद्युद्दाब उत्पन्न होतो. त्या शोधाचा हा उपयोग होय. समोर उत्तर टोक आहे की दक्षिण, एवढेच प्रत्येक जासूद सांगतो. तिघांच्या उत्तरांवरून सहा निरनिराळ्या स्थिती ओळखता येतात, आणि प्रत्येक स्थितीस प्रवाहाची एक वाट ठरलेली असते. एका प्रचलित प्रकारच्या मोटरीत ४६ चुंबक असतात; तिच्या चाकाच्या एका फेऱ्यात ही वाट १३८ वेळा बदलावी लागते. सव्वीस इंची चाक ताशी २५ किलोमीटर वेगाने धावत असेल, तर सेकंदास साडेचारशेहून अधिक वेळा! पूर्वी हे काम दिक्परिवर्तक घाशीत-घाशीत करी. आता नियंत्रकातील सहा ट्रान्झिस्टर ते काही न झिजता करतात. एखादा जासूद निकामी झाला, तर चाक गचके देते, थरथरते, कित्येकदा जागचे हलत नाही. आणि घरातली मंडळी मात्र ‘मोटर जळली’ असा निष्कर्ष काढून मोकळी होतात. वस्तुतः बिघाड अत्यल्प किमतीच्या एका भागाचा असतो.

परंतु प्रवाहाची वाट बदलणे हा नियंत्रकाच्या कामाचा सोपा भाग झाला. अवघड भाग प्रवाह किती सोडावा हा आहे, आणि येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी. कोणतीही मोटर फिरू लागली की ती त्याच क्षणी जनित्रही बनते. चुंबक वेटोळ्यांसमोरून सरकत असल्यामुळे वेटोळ्यांत उलट दिशेचा दाब उत्पन्न होतो, आणि वेगाच्या प्रमाणात तो वाढत जातो. उदाहरणादाखल असे समजावे, की घटमालेचा दाब ३६ व्होल्ट आहे, मोटरीच्या वेटोळ्यांचा रोध ०.२ ओहम आहे, आणि ताशी ३० किलोमीटर वेगास उलट दाबही ३६ व्होल्ट होतो. त्या वेगाला दोन्ही दाब समसमान झाल्यामुळे प्रवाह वाहतच नाही. मोटरीचा वेग त्यापलीकडे जात नाही. पंधराच्या वेगास उलट दाब १८ व्होल्ट, म्हणजे प्रवाह रेटावयास १८ व्होल्ट शिल्लक. आणि चाक स्थिर असताना? तेव्हा उलट दाब शून्य. घटमाला सरळ जोडून दिली तर ३६ व्होल्ट भागिले ०.२, म्हणजे १८० अँपिअर प्रवाह वाहू पाहील! तारा, ट्रान्झिस्टर, घटमाला यांपैकी काय आधी जळेल एवढाच प्रश्न उरेल. ज्या क्षणी स्वाराला मदतीची सर्वांत अधिक निकड असते, सिग्नल सुटल्यावर किंवा चढाच्या पायथ्याशी, त्याच क्षणी मोटर सर्वांत अधिक हावरी असते.

नियंत्रक या हावेला आवरतो तो विजेचे तुकडे पाडून. त्याचे ट्रान्झिस्टर सेकंदास पंधरा-वीस हजार वेळा प्रवाह जोडतात आणि तोडतात. प्रत्येक खेपेस दहा भागांपैकी एकच भाग वेळ जोडला, तर मोटरीस सरासरी ३.६ व्होल्टच दिसतात, आणि तिच्यातून १८ अँपिअर वाहतात. वेटोळ्यांचा स्वभावच असा, की एकदा वाहू लागलेला प्रवाह ती एकदम थांबू देत नाहीत. जोड तुटलेल्या क्षणीही तो वेटोळ्यांत व ट्रान्झिस्टरांत घिरट्या घालीत राहतो. म्हणून गंमत अशी, की मोटरीत १८ अँपिअर खेळत असताना घटमालेतून सरासरी केवळ १.८ अँपिअर निघतात. यात जादू काही नाही. ३६ गुणिले १.८ आणि ३.६ गुणिले १८ यांचे उत्तर एकच येते, ते म्हणजे सुमारे ६५ वॉट. मोटरीचे ओढण्याचे बळ प्रवाहावर अवलंबून असते, दाबावर नव्हे. म्हणून थोड्या विजेत सायकल हळुवारपणे जागची हलते. वेग वाढत जाईल तसतसा नियंत्रक जोडण्याचा वेळ वाढवीत नेतो, परंतु घटमालेतून ठरावीक मर्यादेपलीकडे, समजा १५ अँपिअरांपलीकडे, प्रवाह निघू देत नाही.

यावरून मोटरीवर छापलेल्या ‘२५० वॉट’ या आकड्याचा अर्थही कळतो. ३६ व्होल्ट गुणिले १५ अँपिअर म्हणजे ५४० वॉट झाले. मग २५० कसे? हा आकडा मोटर न तापता अखंडपणे किती काम देऊ शकते याचा आहे. भारतीय नियमांत त्यासाठी अर्ध्या तासाची कसोटी आहे. चढाच्या दोन-चार मिनिटांत ती याहून बरेच अधिक घेते, आणि त्यातील काही भाग उष्णतेत जातो. ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. वेटोळ्यांतून १० अँपिअर वाहताना २० वॉट उष्णता होत असेल, तर २५ अँपिअरांना ती १२५ वॉट होते. यास्तव लांब घाटात तुंब्यातील मोटर फार हळू चालविणे हा तिच्यावर जुलूम होय. वेग कमी, म्हणून उलट दाब कमी, म्हणून प्रवाह अधिक, आणि वारा लागतो तोही थोडाच. अशा प्रदेशासाठी मोटर पायडलांच्या आसाजवळ बसविण्याची पद्धत अधिक सोयीची. तेथे तिचे बळ साखळीतून आणि सायकलीच्या दंतचक्रांतून जात असल्यामुळे चढावर स्वार मोठे दंतचक्र निवडून स्वतःच्या पायांबरोबर मोटरीचाही भार हलका करतो. साखळी मात्र लवकर झिजते. तिसरा एक मध्यम मार्ग आहे : तुंब्याच्या आतच लहान दंतचक्रे घालून मोटर चाकाच्या चार-पाच पट वेगाने फिरवावयाची. शहरी वापराच्या पुष्कळ सायकलींत हाच मार्ग आढळतो.

नियंत्रकाला स्वाराची इच्छा कशी कळते हाही मजेचा भाग आहे. काही सायकलींना मुठीत पिळावयाची किंवा अंगठ्याने दाबावयाची कळ असते. तिच्यातही एक लहान चुंबक व हॉलचा तोच जासूद असतो. परंतु सायकलीला अधिक साजेशी रीत पायडलांवरून अंदाज घेण्याची. साध्या प्रकारात पायडलांच्या आसावर चुंबक लावलेली एक चकती असते आणि पाय फिरत आहेत की नाहीत एवढेच तिच्यावरून समजते. यात दोष असा, की पाय नुसते हवेत फिरविले तरी मोटर धावू लागते, आणि थांबल्यावरही क्षणभर ओढीत राहते. उंची प्रकारात स्वार पायडलावर किती जोर देत आहे हेच मोजले जाते. १९९३ साली जपानमधील यामाहा कंपनीने आणलेली सायकल या तत्त्वावर बांधलेली होती. पायांचा जोर मोजून त्याच्या प्रमाणात मोटरीने जोर द्यावयाचा. चढ आला की माणूस आपोआप अधिक जोर लावतो, आणि मोटरही त्याबरोबर लावते. उतारावर पाय सैल पडले की तीही सैल पडते. अशा सायकलीवर बसणाऱ्यास मोटर जाणवतच नाही. आज आपल्या पायांत बळ आले आहे असेच वाटते. ब्रेकच्या दांड्यांना लहान कळ जोडलेली असते ती आणखी एक शहाणपणाची गोष्ट : ब्रेक ओढताच सारे हुकूम रद्द होतात.

उतारावर मोटरीचे जनित्र करून वीज परत मिळवावी, हा विचार पुष्कळांच्या मनात येतो. दंतचक्रे नसलेल्या तुंब्यातील मोटरीत ते शक्यही आहे. पण हिशेब पाहावा. १०० किलोग्रॅम वजन ताशी २५ किलोमीटर वेगाने जात असता त्याच्या गतीत साठलेली सगळी ऊर्जा ०.६७ वॉट-तास भरते. घटमालेत सुमारे ३६० वॉट-तास असतात. म्हणजे एक छदामही न गळता सर्व परत मिळाली, तरी एकदा थांबून पाचशेव्या भागाएवढीही कमाई होत नाही. लांब घाट उतरताना थोडा लाभ होतो खरा. शहरातल्या फेऱ्यांत तो नावापुरताच.

आता घटमालेकडे वळले पाहिजे, कारण घरातल्या माणसांच्या जिवाशी संबंध येतो तो तिचाच. लिथियमचे घट १९९१ साली सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणले. आणि ज्यांच्या संशोधनावर ते उभे आहेत त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो यांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. नेहमीचा घट बोटापेक्षा थोडा जाड असतो : १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी. त्याचा दाब सरासरी ३.६ व्होल्ट, पुरता भरला असता ४.२. असे दहा घट एकापुढे एक जोडले की ३६ व्होल्ट होतात, आणि अशा चार रांगा शेजारी शेजारी जोडून चाळीस घटांची माला बनते. तिचे वजन पेटीसकट अडीच किलोग्रॅमांच्या आसपास. एवढीच वीज शिशाच्या घटमालेत साठवावयाची तर दहा-बारा किलोग्रॅम ओझे वाहावे लागते. ती भरण्यास अर्ध्या युनिटहूनही कमी वीज लागते, आणि स्वार पाय हलवीत राहिला तर तेवढ्यावर ३० ते ४० किलोमीटर जाणे होते. इतके स्वस्त यांत्रिक वाहन क्वचितच सापडेल.

परंतु शिशाचा घट जसा सोसतो तसा लिथियमचा घट सोसत नाही. प्रमाणाबाहेर भरला, अगदी रिता केला, चेपला गेला किंवा फार तापला, तर त्याच्या आत अशा क्रिया सुरू होतात की ज्या स्वतःच उष्णता निर्माण करतात, आणि ती उष्णता त्या क्रियांना अधिक चेतविते. आतील द्रव पेट घेणारा असतो. एक घट पेटला की शेजारचा तापतो, आणि माला पेटत जाते. म्हणून प्रत्येक चांगल्या पेटीत आणखी एक पहारेकरी मंडल असते. ते दहाही टप्प्यांचा दाब वेगवेगळा मोजते. एखादा टप्पा ४.२ व्होल्टांपुढे जाऊ लागला की भरणे बंद करते, फार खाली गेला की देणे बंद करते, आणि मागेपुढे झालेल्या टप्प्यांना हळूहळू एका पातळीवर आणते. मालेचे सामर्थ्य तिच्यातील सर्वांत दुबळ्या टप्प्याइतकेच असते. ‘सेल बदलून देतो’ म्हणून सांगणारा कारागीर जेव्हा जुन्यात चार नवे घट मिसळतो आणि पहारेकरी मंडल गैरसोयीचे वाटते म्हणून वगळतो, तेव्हा तो सायकल दुरुस्त करीत नसतो. घरात धगधगता निखारा ठेवीत असतो.

ही भीती काल्पनिक नाही. न्यूयॉर्क शहरात २०२३ या एका वर्षात लिथियमच्या घटमालांनी लागलेल्या आगींत १८ माणसे दगावली. त्याच वर्षी त्या शहराने ठरावीक कसोटी न उतरलेल्या विजेच्या सायकली विकण्यास बंदी केली. भारतात २०२२ साली विजेच्या स्कूटरींना आगी लागल्यावर मोठ्या विजेच्या वाहनांच्या घटमालांचे नियम कडक करण्यात आले. चाळीत किंवा सदनिकांच्या इमारतीत जिन्याखाली सायकल लावून रात्रभर तेथेच भरत ठेवण्याची सवय फार घातक होय. कारण आग लागली तर बाहेर पडण्याची वाट तीच असते. पेटी काढून आणता येत असेल तर ती मोकळ्या जागी, फरशीवर, माणसे जागी असताना भरावी. तिच्याबरोबर आलेलेच भरणयंत्र वापरावे. छत्तीस व्होल्टांच्या मालेचे यंत्र ४२ व्होल्टांवर थांबते. शेजाऱ्याच्या अठ्ठेचाळीस व्होल्टांच्या सायकलीचे यंत्र ५४.६ व्होल्टांवर. खुंटी बसली म्हणून यंत्र चालेल असे नव्हे. पेटी भर उन्हात तापून आली असेल तर अगोदर निवू द्यावी. पावसाळ्यात सायकल भिजण्यास हरकत नाही, पण नळीने जोराचे पाणी मारून धुऊ नये. आणि महिना-दोन महिने वापर नसेल तर माला निम्मी भरलेली ठेवावी, पूर्ण भरलेली नको.

राहता राहिला वेगाचा प्रश्न. भारताच्या १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत सायकलीच्या मदतनीस मोटरीची शक्ती पाव किलोवॉटच्या आत ठेवली आहे. आणि वेग वाढत जाईल तशी तिची मदत कमी होत जाऊन २५ किलोमीटरला, किंवा स्वाराने पायडल मारणे थांबविल्यास त्याआधीच, ती बंद पडावी अशी अट आहे. या मर्यादेत असलेल्या सायकलीस नोंदणी व परवाना लागत नाही. ही मर्यादा पाळण्याचे काम पुन्हा नियंत्रकाकडेच असते, आणि ती उठवून देणारे लोकही भेटतात. तरुण मुलांना हा उद्योग पराक्रमाचा वाटतो. परंतु ताशी २५ किलोमीटरला सपाटीवर सुमारे १५५ वॉट पुरत असता ४५ किलोमीटरला जवळजवळ ६८५ लागतात, कारण वाऱ्याशी झुंजण्याची शक्ती वेगाच्या घनाने वाढते. घटमाला त्या प्रमाणात रिती होते, तारा तापतात. थांबविताना ब्रेकना सव्वातीन पट ऊर्जा जिरवावी लागते, आणि ब्रेक तर सायकलीचेच राहिलेले असतात. शिवाय मर्यादा उठविताच ती सायकल कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहन बनते. तिला ना क्रमांक, ना विमा, ना चालकाजवळ परवाना. अपघात झाला म्हणजे ही गोष्ट वडिलांना प्रथम कळते.

घटमाला काही वर्षांनी थकते. पाचशे ते हजार वेळा भरून झाली की तिची धारणा उतरू लागते. थकलेली माला रिकामी असते असे मात्र नव्हे. सायकलीला पुरी न पडणारी पेटीही माळ्यावर पडल्या-पडल्या पेट घेण्याइतकी वीज बाळगून असते. ती रद्दीवाल्यास देऊ नये आणि कचऱ्याच्या पेटीत टाकू नये. २०२२ च्या घटमाला-कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या माला गोळा करून त्यांतील धातू पुन्हा उपयोगात आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तेव्हा नवी माला घेतानाच जुनी परत देण्याची व्यवस्था विक्रेत्याकडे विचारून ठेवावी, आणि पावती जपावी.